गुणपत्रिकेवरचा दशांश

अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या ऑगस्टअखेरीपासून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. मराठा आरक्षणाचे उपोषण, लाठीमार, सभा हे सारे वाचकांनी वाचलेलेच आहे. त्या आंदोलनाच्या न्याय-अन्यायाची चर्चा इथे करायची नाही. पण आरक्षण मिळो वा न मिळो, ज्या कागदावर पोराचे पुढचे पाऊल ठरते तो कागद गुणपत्रिकेचा, आणि हल्ली त्यावर टक्के सापडत नाहीत. ‘एसजीपीए ७.६३’ असे काहीतरी असते. बाप विचारतो, ‘किती पडले?’ पोरगा म्हणतो, ‘सात पॉइंट सहा तीन.’ पुढे दोघेही गप्प.

वास्तविक हे गणित शेतकऱ्याला कळायला अवघड नाही. चार क्विंटल कापूस एका भावाने गेला आणि दोन क्विंटल दुसऱ्या भावाने, तर दोन भावांची बेरीज करून कोणी निम्मे करत नाही. भावाला वजनाने गुणायचे आणि एकूण वजनाने भागायचे. इथे वजन म्हणजे श्रेयांक, ज्याला मुले क्रेडिट म्हणतात, आणि भाव म्हणजे श्रेणिगुण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, काठावर पास झाला तर ४ आणि नापासाला शून्य.

समजा, चार श्रेयांकांच्या तीन विषयांत ८, ७, ६ मिळाले आणि दोन श्रेयांकांच्या दोन विषयांत १० व ९. नुसती सरासरी काढली तर बरोबर ८ येते, आणि पोरे हीच काढतात. खरा हिशेब असा: ३२, २८, २४, २० आणि १८ मिळून १२२, भागिले १६, उत्तर ७.६३. हलक्या विषयातल्या दहाने फार उडी बसत नाही. उलट त्या सहाच्या जागी नापासाचे शून्य आले, तर ९८ भागिले १६, म्हणजे ६.१३. सगळ्या सत्रांची मिळून सीजीपीए काढतानाही हीच रीत: प्रत्येक सत्राच्या सरासरीला त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणायचे.

इथवर सारे सरळ आहे. खरी गोम टक्क्यांत आहे. जाहिराती आणि पात्रतेचे नियम अजून टक्क्यांतच बोलतात. ‘नेट’ परीक्षेला पदव्युत्तर पदवीत खुल्या गटाला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. आता एखाद्याची सीजीपीए ५.७ आहे असे धरा. दहाने गुणले तर ५७ टक्के. केंद्रीय मंडळाने कधीकाळी दहावीसाठी सांगितलेला साडेनऊचा गुणाकार केला तर ५४.१५. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे पाऊण वजा करून दहाने गुणले तर ४९.५. एकाच पोराचा एकच अभ्यास, पण एका सूत्राने तो खुल्या गटातही पात्र, दुसऱ्याने फक्त राखीव गटात, आणि तिसऱ्याने कुठेच नाही! लागू पडते ते ज्याने पदवी दिली त्या विद्यापीठाचे सूत्र. पण अर्ज भरताना मुले सायबर कॅफेवाल्याचे किंवा मोबाइलवर आधी सापडेल ते सूत्र वापरतात आणि कागदपत्रे तपासणीला गेली की अडकतात.

शहरातल्या मुलाला हे सांगणारा मामा, काका, नाहीतर क्लासवाला असतो. घरातला पहिलाच पदवीधर होणाऱ्या मुलाला कोण सांगणार? महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाचा श्रेयांक-आराखडा २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही आला, दोन-दोन श्रेयांकांचे विषय वाढले, हिशेब आणखी बारीक झाला. समजावणारी माणसे मात्र तेवढीच. पद्धत वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. एका गुणाने वर्ग हुकण्याचा जुना जाच तिने थोडा कमी केला असेलही. पण मोजमाप बदलणाऱ्याने नवा मापही हातात द्यायला हवा. प्रत्येक विद्यापीठाने आपले टक्केवारीचे सूत्र, एका सोडवलेल्या उदाहरणासह, मराठीत, गुणपत्रिकेवरच छापावे. चार ओळींत मावेल एवढा तो मजकूर आहे.