आवाजाची भिंत आणि गर्दीचे पाय

वरातीत मंडळी हाताची घडी घालून उभी राहिली, की डीजेवाला आवाज वाढवितो. आमच्या मते चूक नेमकी येथेच होते. डीजे हा शब्द मुळात तबकड्या वाजविणाऱ्या माणसाचा. आपल्याकडे मात्र डीजे म्हणजे गाडीवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत! भिंतीला डोळे नसतात, आणि गर्दी नाचवायची तर आधी ती पाहावी लागते.

हे शास्त्र नगर जिल्ह्याला नवे नाही. संगमनेर हे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचे गाव. तमाशात गणापूर्वी ढोलकी-हलगीची जुगलबंदी रंगते. कसलेला ढोलक्या आरंभी संथ ठेका धरतो. त्याची नजर प्रेक्षकांवर खिळलेली असते. कोपऱ्यात एखाद्याची मान डोलली, की त्याच्याकडे वळून तो तोच ठेका घोळवितो, लय चढवितो, आणि हलगी कडाडत असता ऐन रंगात एकाएकी थांबतो. शिट्या उठतात त्या त्या निमिषभराच्या शांततेत.

डीजेवाल्या तरुणालाही हे साधण्यासारखे आहे. आरंभी साऱ्यांच्या ओठांवरचे गाणे हवे, आणि नाचऱ्या चौघांभोवती रिंगण जमेपर्यंत ते न बदलण्याचा धीर हवा. लाजरा माणूस एकटा नाचत नाही. रिंगणात सहज शिरतो.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती आनंदावर घाला आहे, अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. वाटेवरच्या घरात परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी खिडकी लावून घेते, तरी तावदाने थरथरतच राहतात. आणि वरातीतले निम्मे लोक तेव्हाही हाताची घडी घालूनच उभे असतात.