ट्रेलर म्हणजे पुरावा नव्हे

१/ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर, नंतर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. ट्रेलरमध्ये देव-दानवांचे युद्ध आणि भव्य महाल दिसले.

२/ नावात ‘प्राचीन’. वास्तू मात्र मध्ययुगीन राजस्थानी वळणाच्या. कल्पित कथेला ही मुभा आहेच.

३/ प्रश्न पाहणाऱ्याचा आहे. लोह्यातील खेळाडूच्या मनात प्राचीन भारत म्हणून तेच महाल ठसतात. शेजारच्या कंधारचा किल्ला मात्र नजरेआड राहतो. राष्ट्रकूटांशी जोडलेल्या, खंदकाने वेढलेल्या या किल्ल्यात पुढील मुस्लिम राजवटींचे बांधकाम आणि फारसी शिलालेखही आहेत.

४/ ट्रेलर आनंदाने पाहावा. पण त्यातील प्रत्येक झरोक्याला त्याचे शतक विचारावे. मग कंधारच्या तटालाही तोच प्रश्न विचारावा.