मोजका घास हेही व्रतच

आज आषाढ शुद्ध एकादशी. आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या पालख्या पंढरीस पोचल्या. चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगाने भरून गेले आणि घरोघरी देवापुढे तुळशीची मंजिरी वाहून उपवासाचा संकल्प झाला. आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. या काळात आपल्या घरांत एक तर उपवास असतो, नाहीतर पक्वान्न असते. श्रावणी सोमवारचा उपवास सुटतो न सुटतो तोच श्रावणी शुक्रवारचे पुरण शिजते. हरतालिकेच्या निर्जळी उपवासापाठोपाठ गणरायाचे मोदक येतात. गौरींच्या महाप्रसादानंतर पितृपक्षाची खीर, नवरात्राच्या नऊ उपवासांनंतर दसऱ्याचे श्रीखंड आणि शेवटी दिवाळीचा फराळ. काहीच न खाणे आणि पोटभर खाणे या दोन टोकांमध्ये आपला चातुर्मास झोके घेत असतो. सुदृढ देह हे सारे सोसतो, आणि त्यातच सणांची गोडी आहे हेही आम्ही मानतो.

परंतु आज कित्येक घरांत असे एखादे माणूस आहे की ज्याला ही दोन्ही टोके सोसवणार नाहीत. अतिस्थूलतेमुळे मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी किंवा झोपेत श्वास अडखळणे अशा व्याधी जडल्या आणि वैद्यांच्या सल्ल्याने वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, अशांची संख्या आपल्या शहरांत व तालुक्यांच्या गावांतही वाढत आहे. रुग्णालयातून घरी आल्यावर त्यांची खरी परीक्षा सुरू होते आणि ती चातुर्मासात अधिकच कठीण होते. म्हणून आजच्या दिवशी त्यांच्याविषयी, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या घरच्यांसाठी, चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

ही शस्त्रक्रिया म्हणजे काही कालपरवाचे खूळ नव्हे. जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्यास जोडण्याची पद्धत १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी प्रथम अवलंबिली. बायपास या नावाने ती आज रूढ आहे. त्यात उरणारा जठराचा कप्पा साधारण ३० मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढाच असतो. दुसऱ्या प्रचलित पद्धतीस स्लीव्ह म्हणतात. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी मागे ठेवतात. ज्याच्या पोटाची अशी पुनर्रचना झाली आहे, त्याच्या पानात एक मोदक अधिक वाढणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

आता भुकेचा विचार. भूक ही केवळ पोट रिकामे झाल्याची खूण नव्हे. १९९९ साली जपानमधील संशोधकांनी घ्रेलिन नावाच्या संप्रेरकाचा शोध लावला. हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि मेंदूला भुकेची वर्दी देते. स्लीव्हच्या शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग निघून जातो. त्यामुळे आरंभीचे काही महिने कित्येकांस भूक लागतच नाही. घरच्यांस वाटते, बरे झाले, आता उपवास सहज जमेल. हा समज घातक आहे. भूक नसली तरी जखम भरून येण्यास, स्नायू टिकण्यास आणि केसांची गळ आटोक्यात राहण्यास प्रथिने लागतातच. अशा रुग्णांस दिवसाकाठी साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घेण्यास सांगितले जाते. पाव लिटर दुधात ती सुमारे ८ ग्रॅम असतात, हे लक्षात घेतले की इवल्याशा पोटातून एवढी मजल गाठणे किती चिकाटीचे काम आहे ते कळते. आपल्याकडे आजाऱ्यास वरणाचे वरचे पाणी देण्याची रीत आहे. आरंभीच्या पातळ आहारात ते चालते, पण त्यात डाळीचे सत्त्व फारच थोडे उतरते. पुढे घोटलेली, मऊ डाळच पोटात जावयास हवी.

काही महिन्यांनी भूक परतते. त्या वेळी रुग्ण घाबरतो आणि घरचेही कुजबुजू लागतात, की एवढा खर्च केला, एवढे सोसले, आणि पुन्हा आपले पहिलेच दिवस. हा ग्रह चुकीचा आहे. भूक परतणे हे देह सावरल्याचे लक्षण आहे; शस्त्रक्रिया फसल्याचे नव्हे. मात्र तेव्हापासून ती ओळखण्यास शिकावे लागते. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि साध्या अन्नानेही भागते. जिभेची भूक एकदम उठते आणि तिला चकलीच हवी असते. काही वेळा ती भूक नसून तहान असते, आणि घोट घोट पाणी घेतल्यावर शमते. काही वेळा ती एकटेपणाची भूक असते. साऱ्या घराची पंगत बसली आहे आणि आपण कोपऱ्यात वाटी घेऊन आहोत, हे दुःख भुकेचे रूप घेऊन येते. या शेवटच्या भुकेवरचा उपाय वैद्यापाशी नाही, तो घरच्यांपाशी आहे.

भाविक मनाला पडणारा पहिला प्रश्न असा, की एकादशी मोडली तर पाप नाही का? याचे उत्तर आपल्या धर्मग्रंथांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे व दूध यांच्यासमवेत गुरूची आज्ञा आणि औषध यांचाही समावेश आहे. धर्मसिंधु हा ग्रंथ तर पंढरपूरच्याच काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास रचला. त्यात एकादशीचा उपवास आठ वर्षांवरील आणि ऐंशी वर्षांखालील माणसांस सांगितला असून, अशक्तांसाठी एकभुक्त, नक्त, हविष्यान्न असे सौम्य पर्यायही दिले आहेत. विठ्ठलाच्या नगरीत बसून लिहिणाऱ्या शास्त्र्याने जी सवलत दिली, ती आपण आपल्या सुनेस, मुलास किंवा भावास नाकारावी, हे आम्हांस धर्माला धरून वाटत नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यास आणि मुळीच न खाणाऱ्यास, दोघांसही योग साधत नाही असे भगवंतांनी सांगितले आहे. शस्त्रक्रियेनंतरचा आहार हा त्या युक्ताहाराचाच कठोर अभ्यास होय.

तेव्हा आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडतो. शल्यचिकित्सक व आहारतज्ज्ञ यांनी अनुज्ञा देईपर्यंत अशा माणसाने उपवास करू नये. निर्जळी उपवासाचा तर विचारही करू नये. त्याला पाणी एकदम पिता येत नाही. दिवसभर घोट घोट करून दीड-दोन लिटर पोटात घालावे लागते. एक दिवस तोंड कोरडे ठेवले तर ती तूट दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही, आणि पाणी कमी पडणे हे पुन्हा रुग्णालयाची पायरी चढावी लागण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका वेगळाच. ब१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या ज्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या आहेत, त्या आज उपवास म्हणून चुकवू नयेत. प्रथिनांची पूड दिली असेल तर तीही औषधच होय, आणि औषधाने व्रत मोडत नाही हे आपण वर पाहिलेच.

एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपणच आपल्यावर रचली आहे. साबूदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेल्या पापड्या यांनी ताट भरते, पण साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो थोड्या जागेत पुष्कळ भरतो आणि प्रथिने जवळपास देतच नाही. ज्याची प्रकृती स्थिरावली आहे आणि वैद्यांनी मोकळीक दिली आहे, त्याने फराळाचेच पदार्थ घ्यावयाचे तर ताजे दही, ताक, दूध सोसत असल्यास दूध, मऊ पनीर, बिनसाखरेची राजगिऱ्याची पातळ लापशी यांस पहिले स्थान द्यावे. दाण्याची आमटी पूर्ण आहार सुरू झाल्यावरच, तीही वाटीच्या तळाशी राहील इतकीच.

दुसरा प्रश्न आग्रहाचा. मराठी घरात आग्रह हे प्रेमाचेच दुसरे नाव आहे. पाहुण्याच्या पानात नको नको म्हणत असता जिलेबी पडली नाही, तर यजमानीण हिरमुसते. पण या माणसाच्या बाबतीत तेच प्रेम अपाय करते. साखरेचा गोड घास लहान कप्प्यातून एकदम आतड्यात उतरतो, आणि विशेषतः बायपास झालेल्यांस छातीत धडधड, दरदरून घाम, चक्कर, पोटात कळा, जुलाब असा त्रास होऊ शकतो. प्रसादाचे माप वजनात नसते. तीर्थाचा एक थेंब आणि शिऱ्याचा एक कण जिभेवर ठेवून उरलेला प्रसाद कपाळी लावून दुसऱ्याच्या हाती दिला, तर देवाचा मान राहतो आणि देहाचाही. नैवेद्याचे पान देवापुढून उचलताना आपण पुण्य मोजतो. पदार्थाचे ग्रॅम मोजत नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

घासाची रीतही नव्याने शिकावी लागते. घरी आल्यावर आधी पातळ पेये, मग दाट पेये, मग घोटलेले अन्न, मग मऊ अन्न, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न असा क्रम असतो. त्याचे नेमके दिवस ज्याचे त्याचे वैद्य ठरवितात. आळंदीची पालखी एका दिवसात पंढरीस पोचत नाही, मुक्काम गाळून चालत नाही. आयुर्वेदातही पंचकर्मानंतर पेया, विलेपी, यूष अशा क्रमाने अन्न वाढवीत नेण्याचा संसर्जनक्रम सांगितला आहे. दोन्हींचे कारण वेगळे असले तरी मंदावलेल्या पोटावर एकदम भार घालू नये, हे तत्त्व एकच. लहान वाटी, लहान चमचा, एकेक घास बारीक चावून, वीस-तीस मिनिटे लावून जेवावे. जेवताना पाणी पिऊ नये, जेवणानंतर अर्धा तास थांबून घ्यावे. उचकी, नाक वाहू लागणे, छातीखाली दाटल्यासारखे होणे ही पोट भरल्याची खूण समजून हातातला घासही खाली ठेवावा. पानात अन्न टाकू नये हा आपला संस्कार खरा, पण तो पाळावयाचा तर वाढतानाच कमी वाढावे. आणि भूक परतल्यावर येता-जाता डब्यातली शेव तोंडात टाकण्याची सवय मात्र कटाक्षाने टाळावी. घटलेले वजन पुन्हा वाढते ते बहुधा याच चोरवाटेने.

एक सूचना गंभीरपणे द्यावयाची आहे. वारंवार उलटी होणे, पाणीही न टिकणे, पोटात तीव्र वेदना, ताप किंवा नाडी जलद चालणे, यांपैकी काहीही दिसल्यास सण आहे म्हणून उद्यावर ढकलू नये. वारंवारच्या उलट्यांनी ब१ जीवनसत्त्व तुटले तर मज्जातंतूंस व मेंदूस इजा होते, आणि ती कधी कधी कायमची ठरते. देव घरात बसलेले असताना दवाखान्यात कसे जावे, हा संकोच देवालाही मान्य होणार नाही.

याने सोपा मार्ग काढला, मन आवरता आले नाही म्हणून पोट कापून घेतले, असे बोल आप्तेष्टांच्या मेळाव्यात आजही ऐकू येतात. हे बोलणाऱ्यांनी एक दिवस दर घासाचा हिशेब ठेवून पाहावे. आपली एकादशी सूर्योदयाबरोबर द्वादशीस सुटते. या माणसाच्या संयमाला पारण्याचा दिवस नाही. जे व्रत जन्मभर चालावयाचे, त्याची टवाळी करणे भाविकांस शोभत नाही.

म्हणून या चातुर्मासात घराने एक नेम धरावा अशी आमची विनंती आहे. कोणी पान मागे सारले की आणखी एक हा शब्द उच्चारावयाचा नाही. त्याच्या वाटीकडे टक लावून पाहावयाचे नाही. आणि पंगतीतले त्याचे पान मात्र कधी काढावयाचे नाही, मग त्यात चार चमचे दहीच का असेना. वाढणाऱ्या हाताला हा नेम जड जाईल हे आम्ही जाणतो. पण वारीत पुढच्यांनी मागून येणाऱ्यासाठी पाऊल आवरते घ्यावे, ही आपलीच शिकवण आहे.