माध्यमांचे शिक्षण आणि कुंडलचा धडा

पदवीचा निकाल लागला, की घरोघरी ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाचे दळण सुरू होते. मुलाने किंवा मुलीने ‘माध्यम आणि संज्ञापन या विषयात एम.ए. करायचे आहे’ असे सांगितले, की वडीलधारी माणसे जरा बावचळतात. ‘टीव्हीवर दिसणार का?’ हा पहिला प्रश्न असतो आणि ‘नोकरी कुठे मिळणार?’ हा दुसरा. या दोन वर्षांत नेमके शिकणार काय, हा खरा महत्त्वाचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आता तो विचारावाच लागेल. एके काळी विद्यापीठ ठरवील ते पेपर मुकाट्याने द्यायचे असत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची रचना बदलली. मुख्य विषयाबरोबर निवडीचे विषय, संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प असा तो साचा आहे. एक श्रेयांक, म्हणजे मुलांच्या भाषेत क्रेडिट, याचा अर्थ व्याख्यानाचे 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास. चार श्रेयांकांचा एक पेपर म्हणजे वर्गातले अवघे 60 तास! हे तास कशावर खर्च करायचे, याचा बराचसा निर्णय आता विद्यार्थ्याच्या हाती आला आहे. निवड आली, तसे नियोजनही आले.

माळावरचे मासिक

या नियोजनाचे उत्तर पुण्या-मुंबईतच शोधले पाहिजे असे नाही. पलूस तालुक्यातील कुंडल या गावाकडे पाहावे. त्या काळच्या औंध संस्थानातील या गावाजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना उभा केला. तिथूनच 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. नांगराच्या कारखान्याचे ते घरगुती पत्रक. पण शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे रूपांतर साऱ्या महाराष्ट्रात वाचल्या जाणाऱ्या मासिकात केले. पुढे 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले. आज ज्याला जनसंपर्क, ग्राहकसंवाद अशी भारदस्त नावे आहेत, त्याचा मराठीतला पहिला मोठा प्रयोग रेल्वे स्थानकाशेजारच्या या माळावर झाला. माध्यमाच्या विद्यार्थ्याने एक निवडीचा पेपर माध्यमांच्या इतिहासाचा घ्यावा, तो याचसाठी. वाचक कसा घडवला जातो, हे त्यातून कळते.

कुंडलचा दुसरा धडा याहून मोठा आहे. 1942 च्या आंदोलनानंतर जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या तुफान सेनेचे कुंडल हे प्रमुख केंद्र. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटली. छापखान्यांवर सरकारची नजर, हाताशी दूरध्वनी नाही. तरीही निरोप गावोगाव पोचत. माणसे निरोप नेत, शाहीर पोवाडे गात, बाया-बापड्या पोलिसांच्या हालचालींची खबर देत. यंत्राविना चाललेले हे संज्ञापन कोणत्याही परदेशी सिद्धान्ताइतकेच अभ्यासण्याजोगे आहे.

त्यातले किती नोंदले गेले? पी. साईनाथ यांनी कुंडलला येऊन कॅप्टन भाऊ लाड यांच्या आठवणी टिपल्या आणि 2022 मध्ये ‘द लास्ट हीरोज’ या पुस्तकात त्या आल्या. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई 2021 मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ 2022 मध्ये. जे टिपले ते राहिले, बाकीचे त्यांच्याबरोबर गेले. ही माणसे ज्यांच्या गल्लीत राहत होती, अशी पत्रकारितेत पदवी घेतलेली मुले या भागात होती. वयोवृद्धांशी कसे बोलावे, ध्वनिमुद्रण कसे करावे, आठवण आणि पुरावा यांतला फरक कसा ओळखावा, हे संशोधन पद्धतीच्या पेपरात शिकता येते. बहुतेकजण मात्र तो पेपर नाइलाज म्हणून उरकतात.

आकडे वाचता येतात का?

भूतकाळाचे राहू द्या. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले. तिथे इशारा पातळी 40 फुटांची आणि धोका पातळी 45 फुटांची आहे. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी मोबाइलवर अफवांचाही पूर येतो. कोयनेतून इतके क्युसेक सोडले, अलमट्टीचे दरवाजे बंद आहेत, वगैरे. एक टीएमसी पाणी म्हणजे एक दिवसभर सुमारे 11,574 क्युसेक वेगाने वाहणारे पाणी, हा साधा हिशेब ज्याला येतो, तोच बातमीदार अफवा आणि इशारा यांतला फरक गावाला सांगू शकतो. चुकीच्या बातमीची किंमत इथे जिवाने मोजावी लागते.

म्हणून आकडेवारीच्या पत्रकारितेचा पेपर कठीण म्हणून टाळू नये. साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल, उसाचा उतारा, पतसंस्थेचा ताळेबंद, ग्रामपंचायतीचा जमाखर्च हे वाचता आले पाहिजे. कायद्याचा पेपरही अद्ययावत हवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि बदनामीचे कलम बदलून 356 झाले. जुन्या नोट्सवर विसंबणे महागात पडेल.

पोटाचा प्रश्न

पालकांची नोकरीची चिंता खोटी नाही. तालुक्याच्या बातमीदाराला मिळणारे मानधन तुटपुंजे असते आणि अनेकदा जाहिराती आणण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडते. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची, त्याच्याविरुद्ध बातमी कशी द्यायची? हे अर्थकारण शिकवणारा पेपर प्रत्येकाने घ्यावा, म्हणजे डोळे उघडे ठेवून या धंद्यात उतरता येईल. मात्र काम एकट्या वृत्तपत्रात आहे असेही नाही. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’, जत तालुक्यातील जालिहाळचे ‘येरळावाणी’ ही सामुदायिक रेडिओ केंद्रे आपल्याच परिसरातली. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी महानगरातील वाहिनीच्या कोपऱ्यात बसून राहण्यापेक्षा अशा ठिकाणी अधिक शिकायला मिळेल. संस्था, सहकारी कारखाने, शासकीय कार्यालये यांनाही नीट मराठीत सांगू शकणारी माणसे लागतात.

नियोजन उलट्या क्रमाने करावे, हे बरे. चौथ्या सत्रातला प्रकल्प कोणत्या प्रश्नावर करायचा, हे पहिल्याच सत्रात ठरवावे आणि त्याला लागणारे विषय मधल्या सत्रांत निवडावेत. पुरावर काम करायचे असेल तर आकडेवारी आणि रेडिओ, प्रतिसरकारवर करायचे असेल तर इतिहास आणि मौखिक नोंदी. नाही तर सोपे पेपर आणि मित्रांनी घेतलेले पेपर यांची गोळाबेरीज होते आणि दोन वर्षांअंती हाती उरते ते प्रमाणपत्र.

आज पत्रकावरून बातमी बनवण्याचे काम यंत्रही चुटकीसरशी करते. पण पुराच्या पाण्यात वेढलेल्या वस्तीवर जाऊन ‘तुम्हाला इशारा कधी मिळाला?’ असे विचारणे त्याला जमत नाही. ते विचारणारी माणसे घडवायची असतील, तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमाची पुस्तिका घरात सर्वांनी मिळून वाचावी आणि आपल्या गावाची कोणती बातमी आजवर कोणीच दिली नाही, हे मुलाला विचारावे.