संहितेवरचा शिक्का

एकांकिका स्पर्धेला जाणाऱ्या महाविद्यालयीन मंडळींना काय काय जमवावे लागते, हे नाटकवाल्यांना सांगायला नको. तालमीला खोली मिळवायची, परीक्षेच्या दिवसांत नटांना धरून आणायचे, उसने नेपथ्य टेंपोत घालायचे. या धावपळीत आणखी एक कागद लागतो : रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र. आपल्या बोलण्यात त्याला ‘सेन्सॉर’ म्हणतात. संहिता मंडळाकडे पाठवायची, तेथे ती वाचली जाणार, खटकेल ते गाळायला सांगणार आणि मग शिक्का मिळणार. आपण सारे हे निमूटपणे करतो. हा शिक्का मुळात हवाच कशाला, असे मात्र कोणी विचारीत नाही.

कथालेखकाला कथा छापण्यापूर्वी सरकारला दाखवावी लागत नाही. कवीला लागत नाही, वर्तमानपत्राच्या संपादकाला लागत नाही. 1975 साली आणीबाणीत संपादकांवर मजकूर आधी दाखवण्याची सक्ती झाली, तर तिला आपण आजही काळे पर्व म्हणतो. आणि योग्यच म्हणतो. पण जे पत्रकाराच्या बाबतीत काळे पर्व, तेच नाटककाराच्या बाबतीत महाराष्ट्रात नित्याची कार्यालयीन रीत होऊन बसले आहे. ही विसंगती आपल्याला टोचत नाही, कारण आपण तिच्यातच लहानाचे मोठे झालो.

इंग्रजांनी 1876 साली नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा केला. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’मधला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना कळत होते तसे सरकारलाही कळले, आणि 1910 साली नाटकावर बंदी आली. तो कायदा 2018 साली रद्द झाला. पण आपल्या संहितेवरचा शिक्का काही त्या कायद्याच्या जोरावर बसत नव्हता. त्याचे मूळ 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यात आहे. आज त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. म्हणजे परक्यांचे जोखड गेले आणि स्वराज्यात स्वतः तयार केलेले तेवढे मानेवर राहिले! गंमत अशी की, ज्या इंग्लंडकडून आपण हे शिकलो, तेथे 1737 पासून चालत आलेली नाटकांची पूर्वतपासणी पार्लमेंटने 1968 सालीच मोडीत काढली.

न्यायालये आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत खरी. 1972 साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर गंडांतर आले तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात गेले आणि जिंकले. परंतु त्यासाठी त्यांना जे सोसावे लागले, त्यावर पुढे त्यांनी एक अख्खे पुस्तक लिहिले, ‘बाइंडरचे दिवस’. सारंगांसारखी जिद्द किती जणांजवळ असते? तालुक्याच्या गावातील हौशी मंडळ वकिलाची फी कोठून आणणार? ते तो प्रवेशच गाळून टाकते. किंबहुना तो लिहीतच नाही. असा न लिहिलेला प्रवेश कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही. 2016 साली अमोल पालेकरांनी या पूर्वतपासणीलाच उच्च न्यायालयात आव्हान दिले, ते बरे झाले. पण हे काम वास्तविक विधिमंडळाचे आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. नाटक जिवंत असते, त्यामुळे समुदाय भडकतो. प्रमाणपत्र हाती असले म्हणजे निदान जमावापासून नाटकाला संरक्षण मिळते, असे म्हणतात. कोल्हापूरकरांना भीती ही काय चीज आहे हे शिकवायला नको. 2015 साली कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. पण कागदाने संरक्षण मिळते का? ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकाजवळ मंडळाचे प्रमाणपत्र होते. तरी 1998 साली गदारोळ झाल्याबरोबर सरकारनेच त्याचे प्रयोग बंद केले. मला ते नाटक मुळीच पटत नाही. म्हणूनच हे उदाहरण मुद्दाम घेतले. जो कागद वादळ नसताना उपयोगी आणि वादळ येताच निरुपयोगी, त्याला छत्री कोण म्हणेल? निदर्शनांच्या धमकीपुढे सरकारने मान तुकवू नये, सुव्यवस्था राखणे हे त्याचेच कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे.

तेव्हा कायदा हवा तो असा. प्रयोगापूर्वी संहिता कोणीही मागू नये. कोणाची तक्रार असेल तर ती प्रयोगानंतर, न्यायालयात. आणि घटनेच्या एकोणिसाव्या कलमातील कोणती मर्यादा नाटकाने ओलांडली, हे तक्रार करणाऱ्याने सिद्ध करावे. प्रयोगाला संरक्षण देणे पोलिसांवर बंधनकारक असावे. मंडळावर आज रंगभूमीची जाण असलेले लोक असतात, हे मान्य. पण सभासदांचा चांगुलपणा त्यांच्याबरोबरच निवृत्त होतो.

असा कायदा होत नसतो, असेही नाही. 1956 साली फिरोझ गांधींच्या खासगी विधेयकातून संसदेच्या कामकाजाचे वृत्तान्त निर्भयपणे छापण्याला संरक्षण मिळाले. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला, तोही त्यांच्याच पत्नीच्या राजवटीत. 1977 साली तो परत आला आणि पुढच्याच वर्षी चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ते संरक्षण थेट घटनेत गेले. एका खासदाराच्या हट्टातून हे सुरू झाले होते. ज्या गावात शाहू महाराजांनी नाटकासाठी पॅलेस थिएटर उभारले, त्या गावाच्या आमदारांना असे एखादे विधेयक मांडायला सांगणे फार होईल का? मते मागायला ते दारी येतातच. त्या वेळी रस्ते-पाण्याबरोबर याचीही आठवण करून द्यावी.