आदेश न काढता होणारी कपात : मेळघाटात बाळांच्या डॉक्टरसाठीची लढाई का संपत नाही?

अमरावती : सरकारी दवाखान्यातला लहान मुलांचा विभाग बंद करायचा असेल तर आपल्याकडे कुणी आदेश काढत नाही. बोर्ड तसाच राहतो, खाट तशीच राहते. बालरोगतज्ज्ञाची बदली होते, जागा रिकामी राहते, मग कुणाला तरी पंधरा दिवसांसाठी पाठवतात. पंधरा दिवस संपले की पुढचा माणूस येईलच असं नाही. गावातल्या माणसाला हे कळतं कधी? रात्री दोन वाजता पोराला धाप लागली आणि दवाखान्यात ‘अमरावतीला न्या’ असं सांगितलं तेव्हा.

धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत कार्यकर्त्यांची लढाई नेमकी याच गोष्टीविरुद्ध आहे, आणि ती आजची नाही. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. डॉ. राजेंद्र बर्मा, बंडू साने यांच्यासारख्या मंडळींच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालू आहेत आणि २००६ पासून न्यायालय या प्रश्नावर आदेश देत आलं आहे. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयासमोर आकडा आला तो असा : जूनपासून त्या दिवसापर्यंत शून्य ते सहा महिने वयाची ६५ बाळं गेली. न्यायालयाने सरकारला बेफिकिरीबद्दल खडसावलं, आरोग्य, आदिवासी विकास, महिला व बालविकास आणि वित्त या चार खात्यांच्या सचिवांना हजर राहायला सांगितलं. अशा दुर्गम भागात येणाऱ्या डॉक्टरांना जादा पगार का देत नाही, असंही सुचवलं.

जवळपास वीस वर्षं आदेश निघत असतील आणि तरी आकडा असा येत असेल, तर अडचण कुठे आहे?

एक परकं उदाहरण इथे कामाचं आहे. लंडनच्या लुईशॅम भागातल्या सरकारी रुग्णालयाचे आपत्कालीन आणि प्रसूती विभाग लहान करण्याचा निर्णय ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केला. हजारो माणसं रस्त्यावर उतरली, त्यात त्याच रुग्णालयाचे डॉक्टरही होते. प्रकरण न्यायालयात गेलं. जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय बेकायदा ठरवला आणि ऑक्टोबरमध्ये अपिलातही सरकार हरलं. लढाई एका वर्षात जिंकली, कारण समोर एक कागद होता. त्यावर मंत्र्याचं नाव होतं, तारीख होती. न्यायालयाने तो कागद रद्द केला, विषय संपला.

मेळघाटात रद्द करायला कागदच नाही. पद मंजूर आहे, ते रद्द केलेलं नाही. फक्त माणूस नाही. न्यायालयाने विचारलं की खातं म्हणतं, जाहिरात काढली, उमेदवार आला नाही. उमेदवार आला तर म्हणतं, रुजू झाला नाही. रुजू झाला तर म्हणतं, रजेवर आहे. प्रत्येक उत्तर कागदावर खरं असतं. म्हणून आंदोलनालाही एकदा जिंकून घरी जाता येत नाही, दर पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पावसाळा म्हणण्याला कारण आहे. जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने इथे सर्वांत वाईट. घरातलं धान्य सरत आलेलं, आई शेतात, नाल्यांना पूर, त्यात न्यूमोनिया आणि हगवण. दोन किलोच्या आतबाहेर जन्मलेलं बाळ थंडीने गार पडतं, दूध ओढत नाही आणि काही तासांत हाताबाहेर जातं. अशा बाळाला ऊब, ऑक्सिजन, सलाईनमधून योग्य मात्रेत औषध आणि बघणारा जाणता माणूस लागतो. नवजात अतिदक्षता कक्षात दर पाळीला तीन-चार बाळांमागे एक नर्स असावी असं धरलं जातं. यंत्र आणून ठेवलं आणि रात्री ते चालवायला कुणी नसलं, तर ते यंत्र म्हणजे एक टेबल.

धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, चिखलदरा आणि चुर्णीला ग्रामीण रुग्णालय आहे. इमारतींची ओरड नाही. पण तिथे बाळ सावरलं नाही तर पुढचा मुक्काम अमरावतीचं डफरीन, म्हणजे धारणीहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, तेही सेमाडोहच्या जंगलातून, घाट उतरून. धारणीकडच्या कित्येकांना त्यापेक्षा मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर जवळ पडतं. तिथे खासगीत पैसे मोजावे लागतात आणि आपल्या योजना तिथे चालतीलच असं नाही. १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, तिने अनेक जीव वाचवले हे खरं. पण १०८ लावायला आधी मोबाईलला रेंज पाहिजे, आणि मेळघाटातल्या बऱ्याच गावांत ती टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही.

अधिकाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं : लोक भूमकाकडे जातात, अंधश्रद्धा आहे. यात तथ्य नाही असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे चटके दिल्याचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं. ते भयंकरच होतं. पण भूमका रात्री गावातच असतो, दार वाजवलं की उठतो, कोरकूत बोलतो. दवाखान्यात गेलं की ‘पुढे न्या’ हे ऐकून परतलेला बाप दुसऱ्या वेळी कुठे जाईल? अंधश्रद्धेचा दोष देण्याआधी दवाखान्यात रात्री कोण होतं, हे विचारायला हवं. तो प्रश्न चौकशीत क्वचितच येतो.

खालचा विभाग रिकामा राहिला की त्याचा बोजा वर जातो, हेही लक्षात घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. रुग्ण लांबून आणि शेवटच्या घटकेला येतात, असं तेव्हा रुग्णालयाकडून सांगण्यात आलं. मग तालुक्याला त्यांना कुणी का धरलं नाही, हा पुढचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

उपाय माहीत नाहीत असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्यावरूनच देशभर आशा ताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. पण आशा ताई धोका ओळखते, ती बालरोगतज्ज्ञाची जागा भरून काढू शकत नाही. तिने वेळेत ओळखलेलं बाळ पुढे कुणीतरी हातात घ्यावं लागतं. सरकार आशा ताईचा आकडा दाखवून तज्ज्ञाचा आकडा झाकतं, असा सूर आंदोलनात आहे आणि तो चुकीचा नाही.

जादा पगाराने माणूस येईल का? काही प्रमाणात येईल. पण नुसता पगार पुरणार नाही. राहायला धड क्वार्टर, पोरांना शाळा आणि दोन वर्षांनी हमखास बदली, हे लेखी मिळालं तर तरुण डॉक्टर विचार करेल. एकट्या बालरोगतज्ज्ञाला चोवीस तास, बाराही महिने जुंपलं तर तो पळणारच. एका जागी निदान दोघे पाहिजेत. पंधरा दिवसांच्या पाळीने डॉक्टर पाठवण्याची पद्धत म्हणजे तारीख भागवणं झालं. त्या डॉक्टरला ना आई ओळखते, ना गेल्या आठवड्यातलं बाळ तो ओळखतो.

गावपातळीवर आजही काही गोष्टी करता येतात आणि काही गावं त्या करतात. अमरावती जिल्ह्यात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचं काम झालं, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तरं द्यावी लागली. ग्रामसभा ठराव करून रुग्णालयाकडे महिन्याचं हजेरीपत्रक मागू शकते : बालरोगतज्ज्ञ किती दिवस हजर, किती रात्री, किती मुलं पुढे पाठवली. माहितीच्या अधिकारात हे मिळतं. ‘पद भरलेलं आहे’ या उत्तराला तोड म्हणजे असा दिवसनिहाय कागद. न्यायालयातही तोच टिकतो.

आणि बाळ आजारी पडलंच तर एक हक्क तोंडपाठ असू द्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात औषध, तपासणी, रक्त फुकट आहे, घरून न्यायला, पुढच्या रुग्णालयात हलवायला आणि परत सोडायला गाडीही फुकट आहे. ‘डिझेल टाका’ असं कुणी म्हटलं तर नाव, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, अंग गार पडलं असेल किंवा दूध सोडलं असेल तर सकाळची वाट पाहू नका. आणि ‘पुढे न्या’ म्हटलं तर चिठ्ठीवर कारण लिहून मागा : तज्ज्ञ नाही की यंत्र नाही.

मेळघाटात ती चिठ्ठी अनेक घरांत आहे. बहुतेकींवर कारणाची जागा कोरी आहे.