जखम पायाची, दोष पिंजऱ्याचा

ससा पाळणे म्हणजे फारशी कटकट नाही, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तो भुंकत नाही, त्याला फिरवायला न्यावे लागत नाही. पिंजरा आणला, गाजर टाकले की झाले! माझ्या मते ही समजूतच सशाच्या पायांवर उठते.

शेजारच्या मुलाचा ससा सुट्टीत आमच्याकडे होता. त्याच्या मागच्या दोन्ही टाचांवरचे केस झडून कातडी लाल झाली होती. एका टाचेला जखमही होती. "कुठेतरी लागलं असेल," असे मुलाची आई म्हणाली. पशुवैद्यांनी मात्र आधी पिंजऱ्याचीच चौकशी केली. त्याचा तळ तारेच्या जाळीचा होता.

कुत्र्यामांजरांच्या पंजाखाली मऊ गादी असते. सशाला ती नसते. त्याला आधार फक्त दाट केसांचा. मातीत बिळे करून राहणाऱ्या युरोपातील रानसशाचा हा वंशज; मऊ जमिनीवर त्याला एवढे पुरते. जाळीवर मात्र टाचेच्या थोड्याशा भागावर सारा भार येतो, केस झिजतात, कातडी सोलवटते आणि दुर्लक्ष झाल्यास जंतू हाडापर्यंत पोहोचतात. लठ्ठपणा, वाढलेली नखे व ओले अंथरूण यांनी दुखणे बळावते.

अशा वेळी घरातली औषधे देऊ नयेत. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू नष्ट होऊन तो दगावू शकतो. शिवाय ससा दुखणे लपवतो; त्याने खाणे सोडले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. शेजारच्या सशाला औषध मिळाले. पण खरा इलाज ठरला तो सपाट तळ आणि त्यावर कोरड्या गवताचा जाड थर.

माणसांच्या पायांत वहाणा नाहीत, तिथे सशाच्या टाचेची चिंता कसली, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. परंतु हा ससा आपण होऊन आपल्या दारी आलेला नाही. आपण त्याला विकत आणून कोंडले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याचे हित जपण्याचे कर्तव्य त्याला सांभाळणाऱ्यावर टाकले आहे. आठवड्यातून एकदा सशाचे तळपाय पाहणे त्या कर्तव्यातच येते, असे मला वाटते. त्याच्या पायाखाली काय असावे, हे ठरविण्याचा अधिकार आपण घेतला. तेव्हा त्या पायांची जबाबदारीही आपलीच.